डी. फार्म. : सर्टिफिकेट भाड्याने नको, काउंटरवर माणूस हवा

बारावीचा निकाल लागला की आमच्या शिरूर कासारच्या बाजारात एकच चर्चा असते, पोराला कुठे घालायचे? सायन्स घेतले, पण डॉक्टर-इंजिनिअर होण्याइतके मार्क पडले नाहीत, अशा मुलांच्या बापांना हल्ली चार जण एकच सल्ला देतात. "डी. फार्म.ला टाका. दोन वर्षांत मोकळा होईल. मेडिकल टाकता आले तर उत्तम, नाही तर सर्टिफिकेट भाड्याने द्या, घरबसल्या महिन्याला पैसे येतील." या सल्ल्याचा पहिला भाग चांगला आहे. शेवटचा भाग मात्र मुलगा, दुकानदार आणि रोगी, तिघांचेही नुकसान करणारा आहे. फी भरण्यापूर्वी पालकांनी या गोष्टीचा नीट विचार करावा, म्हणून हा लेख.

प्रथम शिक्षणाची माहिती घेऊ. डी. फार्म. म्हणजे औषधनिर्माणशास्त्राची पदविका. फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायॉलॉजी किंवा गणित घेऊन बारावी पास झालेल्यांना तिथे प्रवेश मिळतो. आपल्या राज्यात हे प्रवेश तंत्रशिक्षण संचालनालयामार्फत बारावीच्या मार्कांवर होतात. अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. पहिल्या वर्षी औषधे बनविण्याचे शास्त्र, औषधी रसायन, वनौषधी, शरीररचना आणि सामाजिक आरोग्य असे विषय असतात. दुसऱ्या वर्षी औषधाचा शरीरावर होणारा परिणाम, रोगानुसार उपचार, दुकानाचा कारभार, दवाखान्यातील औषध विभाग आणि औषधांचा कायदा शिकवतात. त्यानंतर परवानाधारक दुकानात किंवा दवाखान्यात किमान तीन महिन्यांत मिळून ५०० तास प्रत्यक्ष काम करावे लागते.

इथेच सगळे संपत नाही. २०२२ च्या नियमांनी डी. फार्म. झालेल्यांसाठी एक्झिट परीक्षा आणली. ती पहिल्यांदा ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. तीन पेपर, इंग्रजी भाषा, पर्यायी उत्तरांचे प्रश्न, आणि प्रत्येक पेपरात किमान ५० टक्के मार्क एकाच वेळी. त्यामुळे "कसेबसे पास झाला की नाव नोंदले" हा जुना हिशेब आता चालत नाही. उर्दू किंवा मराठी माध्यमातून दहावी केलेल्या मुलांनी याची तयारी पहिल्या दिवसापासून करावी. मी स्वतः उर्दू शाळेत शिकलो. इंग्रजी शब्द समोर आला की जीभ कशी अडखळते, ते मला माहीत आहे. पण औषधाच्या वेष्टनावरचे शब्द ठरलेले असतात. रोज दहा वेष्टने वाचून अर्थ लिहून ठेवला तरी वर्षभरात भीती जाते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या ४२ व्या कलमानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध तयार करून देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टलाच आहे. औषध नियमावलीत तर स्पष्ट म्हटले आहे की चिठ्ठीवरचे औषध फार्मासिस्टच्या जातीने देखरेखीखाली दिले गेले पाहिजे. जातीने म्हणजे तो स्वतः दुकानात हजर हवा. भिंतीवर काचेत लावलेल्या सर्टिफिकेटने देखरेख होत नसते. फार्मासिस्ट गैरहजर असताना औषध निरीक्षक आला तर दुकानाचा परवाना स्थगित किंवा रद्द होऊ शकतो. फार्मासिस्टचे नावही कौन्सिलच्या रजिस्टरमधून काढले जाऊ शकते. २०१२-१३ च्या सुमारास अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त महेश झगडे यांनी या मुद्द्यावर राज्यभर तपासणी लावली, तेव्हा केमिस्टांच्या संघटनेने बंदही पुकारला होता. म्हणजे भाड्याचा हा दस्तूर सरकारला ठाऊक नाही, असे कोणी समजू नये.

पूर्वी काय होते? हा कायदा आला तेव्हा दवाखान्यांतून काम करणारे जुने कंपाउंडर होते. त्यांच्यापैकी पुष्कळांनी कॉलेज पाहिले नव्हते. कायद्याने पहिले रजिस्टर तयार करताना पाच वर्षे औषधे बनविण्याचा अनुभव असलेल्यांनाही नोंदणीची मुभा दिली. त्यांच्याकडे कागद नव्हता, पण हाताला हुन्नर होता. आज कॉलेजचा कागद हातात आहे आणि पोरगा पुण्याला दुसऱ्याच कंपनीत नोकरी करतो. इकडे गावातल्या दुकानात त्याच्या नावावर बारावी नापास मुलगा गोळ्या मोजून देतो.

आमच्या कापडाच्या धंद्यात चूक झाली तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी कपडा परत आणते. रंग उतरला, माप कमी भरले, तर बदलून देता येते. औषधात ती सोय नाही. एकच उदाहरण देतो. मधुमेहाचे इन्सुलिन आपल्याकडे दोन ताकदीचे मिळते, एका मिलीलिटरला ४० युनिटचे आणि १०० युनिटचे. दोन्हींच्या सुया वेगळ्या. चाळीसच्या सुईचे टोपण लाल, शंभरच्या सुईचे नारंगी. शंभरची बाटली आणि चाळीसची सुई अशी जोडी दिली गेली, तर सुईवरच्या खुणेप्रमाणे भरूनही रोग्याच्या अंगात अडीचपट इन्सुलिन जाते. साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो, जिवावरही बेतू शकते. हा फरक शिकलेल्या माणसाला एका नजरेत कळतो. न शिकलेल्याला दोन्ही सुया सारख्याच दिसतात.

आपल्या भागात याचे महत्त्व आणखी जास्त आहे. शिरूर कासार १९९९ मध्ये तालुका झाला, तरी मोठ्या उपचारासाठी अजून बीड गाठावे लागते. दसऱ्याच्या सुमारास तालुक्यातील हजारो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती उन्हाळा लागल्यावर परततात. जाण्याआधी रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या सोबत नेतात. कोपीत फ्रिज नसतो. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे, वापरात घेतलेली बाटली उन्हापासून दूर मातीच्या माठात ठेवायची आणि साधारण चार आठवड्यांत संपवायची, हे त्या माणसाला कोण सांगणार? डॉक्टरांपुढे रांग असते. सांगण्याची शेवटची जागा म्हणजे मेडिकलचे काउंटर. रमजानमध्ये रोजा धरणारे मधुमेही गोळ्यांच्या वेळा स्वतःच बदलतात. त्यांना "आधी डॉक्टरांना विचारा" असे अडवून सांगणारा माणूसही तिथेच हवा. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी रोग्याला असा सल्ला देणे हे फार्मासिस्टचे कामच ठरवले आहे. बायकांना काही दुखणी पुरुष दुकानदारापुढे बोलता येत नाहीत. म्हणून मुलींनी या शिक्षणात यावे, असे मी आवर्जून म्हणेन.

दुकानदार बंधूंची अडचणही मी जाणतो. ते म्हणतात, दिवसभर बसणाऱ्या फार्मासिस्टला पगार द्यायला परवडत नाही, भाडे स्वस्त पडते. पण दहा चौरस मीटरची जागा लागते ती आपण घेतोच ना? फ्रिज घेतो, वीजबिल भरतो. पगार हाही त्याच खर्चातला एक आहे. २०१४ पासून एच-वन यादीतील अँटिबायोटिक आणि क्षयाच्या औषधांसाठी वेगळे रजिस्टर ठेवावे लागते. त्यात डॉक्टर, रोगी, औषध आणि नग लिहून ते तीन वर्षे जपायचे असते. हे काम जाणकाराशिवाय कसे होणार? आणि मुलांनाही सांगणे आहे. आखाती देशांत डी. फार्म. झालेल्यांना साधारणपणे फार्मसी टेक्निशियन म्हणून घेतात. तिथे अनुभवाच्या कागदांची पडताळणी होते आणि परवान्याची परीक्षाही द्यावी लागते. काउंटरवर एक दिवसही न बसलेला मुलगा त्या परीक्षेत काय लिहिणार? इथेच पुढे शिकायचे असेल तर डी. फार्म.वाल्याला बी. फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. तिथेही पाया कच्चा असेल तर निभाव लागत नाही.

पालकांनी कॉलेजात पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, कायद्याच्या १२ व्या कलमाखाली फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे का? ती नसेल तर पदविका मिळूनही नोंदणी होणार नाही. दुसरी, प्रयोगशाळा चालू आहे का, शिक्षक रोज येतात का? हे कुठल्याही दिवशी न सांगता जाऊन पाहावे. तिसरी, ५०० तासांचे काम खरोखर करून घेतात की नुसती सही-शिक्का आणायला सांगतात? हजेरीची सूट देतो म्हणणारे कॉलेज मुलाचे भले करत नाही. फीची छापील पावती घ्यावी. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर वेळेत अर्ज करावा. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडे शैक्षणिक कर्जाचीही चौकशी करावी. उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच काढून ठेवला तर धावपळ वाचते.

कोयता हातात घेऊन किंवा गाड्यावर माल विकून बापाने जमवलेला पैसा या दोन वर्षांत जातो. त्याच्या बदल्यात मुलाने भिंतीवर टांगायचा कागद आणू नये, हाताला काम आणावे. भाड्याचे पैसे महिन्याला येतील, पण त्या दुकानात काही विपरीत घडले तर चौकशी सर्टिफिकेटवरच्या नावाची होईल, आणि ते नाव आपल्या मुलाचे असेल.