मासेविक्याच्या बायकोचा रुबाब

नवरा मासे विकतो, घर गरीब वस्तीत. पण बाईच्या बोलण्यात फ्रेंच शब्दांची पेरणी आणि चालण्यात खानदानी ठसका. शेजारपाजारचे लोक आपल्या पायरीचे नाहीत, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नाही. दिमित्रिस प्सथास या विनोदी लेखकाने घडवलेली ही ‘मादाम सुसू’ ग्रीक वाचकांच्या ओळखीची होतीच. १९८६ मध्ये सरकारी दूरचित्रवाणीवर तिची मालिका आली आणि सुसू साकारणारी अन्ना पानायोतोपूलू ही अभिनेत्री घराघरांत पोचली.

अशा भूमिकेत नटी पात्राची टिंगल करू लागली, की सगळं फसतं. अन्नाने सुसूचा रुबाब मनापासून खरा मानला. म्हणूनच प्रेक्षक पोट धरून हसले आणि तिला त्यांनी जीवही लावला.

ही समज रंगभूमीवर तयार झाली होती. १९६७ ते १९७४ ही सात वर्षं ग्रीसवर लष्कराची हुकूमशाही होती आणि नाटकांवर सेन्सॉरची करडी नजर. १९७० मध्ये नाट्यशाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या काही तरुणांनी ‘एलेफ्थेरो थेआत्रो’, म्हणजे मुक्त रंगभूमी, ही संस्था काढली. अन्ना त्यांच्यातलीच. नाटक सगळ्यांनी मिळून रचायचं, ही त्यांची रीत. गाणी, नाच, प्रहसनं आणि चालू राजकारणावरचे टोले यांचा ‘एपिथेओरिसी’ हा जुना, गल्लाभरू प्रकार त्यांनी नव्याने उभा केला. १९७३ मध्ये अथेन्सच्या पांग्राती भागातल्या बागेत त्यांनी केलेल्या प्रयोगाचं नाव होतं, ‘आणि तू केस विंचरतेस’. जग पेटलंय आणि बाईची वेणीफणी चाललीय, अशा अर्थाच्या ग्रीक म्हणीचा तो अर्धा तुकडा. उरलेला अर्धा प्रेक्षक मनात म्हणत. हुकूमशाहीत विनोद असा पोचवावा लागतो. पुढे स्तमातिस फासुलिस आणि इतर सोबत्यांबरोबर ती ‘एलेफ्थेरी स्किनी’ या नाट्यसंस्थेतही रमली.

१९८९ च्या नोव्हेंबरमध्ये ‘मेगा’ ही खासगी वाहिनी सुरू झाली आणि सरकारी मक्तेदारी संपली. नव्या वाहिनीला दर आठवड्याला हसवणारं काहीतरी हवं होतं. ते रंगभूमीवरच्या लेखक-नटांनी पुरवलं. मिखालिस रेपास आणि थानासिस पापाथानासियू या जोडीने लिहिलेली ‘त्रिस हारितेस’ १९९० मध्ये सुरू झाली. शीर्षकात पुराणातल्या तीन लावण्यदेवता, पडद्यावर मात्र एकाच घरात एकमेकींचं डोकं खाणाऱ्या तीन प्रौढ बहिणी! त्यांची नावं ओल्गा, मारिया आणि इरिनी. चेकॉव्हच्या नाटकातल्या तीन बहिणींची आठवण करून देणारी. नेना मेन्दी आणि मीना अदामाकी यांच्यासोबत अन्ना इथे मारिया झाली. तरुण नायिकेवाचून, तीन मध्यमवयीन बायकांच्या जिवावर मालिका चालते, हे या तिघींनी दाखवून दिलं. माझ्या मते त्यांचं सर्वांत मोठं काम हेच.

१९९५ मध्ये आलेल्या ‘दोल्चे वीता’त अन्नाने वयाने बऱ्याच लहान पुरुषाच्या प्रेमात पडलेली ख्रिसांथी रंगवली. १९९९ मध्ये रेपास-पापाथानासियूंच्या ‘सेफ सेक्स’ या तुफान चाललेल्या चित्रपटातही ती होती.

एप्रिल २०२४ मध्ये, वयाच्या ७६ व्या वर्षी ती गेली. ग्रीक विनोदी मालिकांची ओळख करून घ्यायची असेल, तर सुरुवात ‘त्रिस हारितेस’पासून करा.