चाकाचे फेरे मोजणारा कारकून

मॉर्मन इतिहासातला माझा सर्वांत लाडका माणूस म्हणजे विल्यम क्लेटन. तो ना प्रेषित, ना पुढारी; साधा कारकून. १८४७ च्या वसंतात मॉर्मनांचा पुढारी ब्रिगहॅम यंग याची पहिली तुकडी नेब्रास्काच्या माळरानातून पश्चिमेला चालली होती. रोज संध्याकाळी एकच वाद, आज किती मैल झाले? इतरांचे आकडे फुगलेले आहेत, ही क्लेटनची खात्री. मग त्याने गाडीच्या चाकाचा परीघ मोजला. तो भरला १४ फूट ८ इंच, म्हणजे मैलाला बरोबर ३६० फेरे. ८ मे रोजी तो चाकाशेजारून चालत राहिला आणि एकेक फेरा मोजत गेला. ४,०७० फेरे, म्हणजे सव्वाअकरा मैलांहून किंचित जास्त! पुढे ऑर्सन प्रॅटने दातेरी चक्रांच्या लाकडी यंत्राची आखणी केली, ॲपलटन हार्मनने ते घडवलं आणि मैल आपोआप मोजले जाऊ लागले. या नोंदींवरून क्लेटनने १८४८ मध्ये सेंट लुईसला एक छोटेखानी पुस्तक छापलं. पाणी कुठे, सरपण कुठे, नदी कुठे ओलांडायची, सगळं त्यात आहे. विंटर क्वार्टर्स या तळापासून युटातल्या सॉल्ट लेकपर्यंत १,०३१ मैल. मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी इतक्या निगुतीने वाट लिहून ठेवणं, याहून मोठं पुण्यकर्म मला सुचत नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. जोसेफ स्मिथने १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात मॉर्मन पंथ स्थापला, मिसुरीतून हकालपट्टी झाली, १८४४ मध्ये कार्थेजच्या तुरुंगात जमावाने त्याला ठार मारलं, १८४६ मध्ये नॉव्हू हे मॉर्मनांचं गाव सुटलं. २४ जुलै १८४७ रोजी यंग सॉल्ट लेकच्या खोऱ्यात उतरला. युटात त्या दिवशी आजही सुट्टी असते.

क्लेटन मूळचा इंग्लंडमधल्या लँकाशायरचा. १८३७ मध्ये तिथे पोहोचलेल्या पहिल्या मॉर्मन प्रचारकांनीच त्याला पंथात आणलं. म्हणून धर्मप्रचार आणि स्थलांतर ही दोन वेगळी प्रकरणं मानणं मला पटत नाही. प्रचारक जिथे जात, तिथून माणसं युटाच्या वाटेला लागत. पैसा अपुरा पडला तेव्हा, १८५६ पासून, बैलगाड्यांऐवजी हातगाड्या आल्या. माणशी सामान १७ पौंड. वायोमिंगमध्ये मार्टिन्स कोव्हला अशी गाडी मी ओढून पाहिली. वाळूत चाक रुतलं की खांदे भरून येतात. त्याच वर्षी विली आणि मार्टिन यांच्या तुकड्या फार उशिरा निघाल्या. वाटेत नेब्रास्कातल्या फ्लॉरेन्सला विलीच्या तुकडीतल्या लीव्हाय सॅव्हेजने कळवळून सांगितलं, हिवाळा इथेच काढा. ऐकलं नाही, तेव्हा तोही त्यांच्याबरोबर चालला. बर्फात दोनशेहून अधिक माणसं गेली.

हा सॅव्हेज नुकताच ब्रह्मदेशातून परतलेला प्रचारक होता. तिकडे जाताना १८५३ मध्ये तो कलकत्त्याला उतरला, तेव्हा आपल्याकडेही एक मॉर्मन येऊन थडकला होता. ह्यू फिंडले हा स्कॉटिश माणूस १८५२ मध्ये मुंबईत आला आणि पुढे पुण्यात राहिला. लष्करी छावणीत प्रचाराची त्याला मनाई झाली, तरी त्याने लहानशी शाखा उभी केली. १८५६ च्या सुमारास भारतातलं हे काम थंडावलं. मला कारण स्पष्ट दिसतं. लँकाशायरच्या गिरणी कामगाराला युटात स्वतःची जमीन दिसत होती. पुण्यातल्या माणसाला मात्र समुद्र ओलांडायचा, जात सोडायची, घर सोडायचं आणि मग कधीही न पाहिलेल्या वाळवंटात नांगर धरायचा, एवढं सगळं एकदम करावं लागणार होतं.