गल्ल्याकडे पाहून घडलेले चेहरे

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून सांगलीला आलेल्या माझ्या आठवीतल्या नातवाने कपड्यांसाठी आठशे रुपये मागितले. आदल्याच दिवशी त्याला नवा सदरा घेतला होता, म्हणून मी विचारले, "आता आणखी कशाला?" तेव्हा उलगडा झाला, की कपडे त्याच्यासाठी नव्हतेच. संगणकावरील खेळात तो ज्या पात्राला पळवतो, त्या पात्रासाठी ते हवे होते. मी हसलो. तो मात्र हसला नाही. खेळ फुकट मिळतो. पण फुकटच्या साध्या वेषात जो खेळतो, त्याला वर्गातील मुले ‘डिफॉल्ट’ म्हणून हिणवतात, असे त्याने खाली मान घालून सांगितले. उभी हयात बँकेत कर्जाचे प्रस्ताव तपासण्यात गेली असल्यामुळे समोरचा खरे बोलतो आहे की नाही, हे मला थोडेफार कळते. मुलगा खरे बोलत होता.

त्या आठशे रुपयांच्या निमित्ताने मी या विषयाचे वाचन सुरू केले आणि त्यात गुंतलो. खेळातले पात्र कसे दिसावे, हे चित्रकाराइतकेच गल्ल्यावर बसलेला माणूस ठरवतो. ग्राहकाकडून पैसा कोणत्या टप्प्यावर वसूल करायचा हे बदलले, की पात्राचे रूपही बदलते.

जगप्रसिद्ध मारिओचीच जन्मकथा पाहा. ती आपल्या व्यापारी वाचकांना कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने ‘रडार स्कोप’ नावाच्या खेळाची सुमारे तीन हजार यंत्रे अमेरिकेसाठी बनवली. त्यांतील हजारएक खपली, उरलेली गोदामात पडून राहिली. पडून राहिलेला माल म्हणजे काय, हे ज्याने पेढी सांभाळली आहे तोच जाणे! त्याच यंत्रांत बसेल असा नवा खेळ तयार करण्याचे काम शिगेरु मियामोतो या तरुण कलावंताकडे आले. पॉपाय या लोकप्रिय खलाशाला घेऊन खेळ करण्याचा विचार होता, परंतु त्याचे हक्क मिळाले नाहीत. तेव्हा स्वतःचे पात्र घडवणे भाग पडले. पडद्यावर ठिपके मोजकेच मिळत. तोंड स्पष्ट दिसेना, म्हणून मोठे नाक आणि मिशा आल्या. केस रंगवण्याची कटकट टाळण्यासाठी टोपी आली. हात अंगापासून वेगळे दिसावेत म्हणून खांद्यावर पट्टे असलेली कामगाराची विजार आली. १९८१ साली ‘डाँकी काँग’ बाजारात आला. अमेरिकेतील मंडळींनी या पात्राला पुढे नाव दिले तेही आपल्या गोदामाच्या मालकाचे. त्या गृहस्थांचे नाव मारिओ सेगाले. मृत साठ्यातून एवढी अक्षय मत्ता निर्माण झाल्याचे दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

त्या काळी प्रत्येक खेळीला नाणे टाकावे लागे. दुरून जाणारा माणूस यंत्रापाशी थांबला पाहिजे, एवढेच पात्राचे काम होते. तोरु इवातानी यांचा १९८० चा ‘पॅक-मॅन’ गोलमटोल आणि खादाड झाला, त्यामागेही हिशेब होता: मारधाडीच्या खेळांकडे न फिरकणाऱ्या स्त्रियांना खेळघराकडे वळवायचे होते.

पुढे खेळ खोक्यात बंद होऊन दुकानात आला. किंमत एकदाच, तीही आगाऊ. आता खोक्यावरचा चेहरा महत्त्वाचा ठरला. इंग्लंडमधील डर्बी येथे ‘टूम्ब रेडर’ तयार होत असताना त्याचा नायक पुरुष होता. पण तो चित्रपटातील इंडियाना जोन्ससारखा दिसू लागला आणि दाव्याची भीती वाटली. नायक गेला, नायिका आली. तिचे नाव लारा क्रॉफ्ट, साल १९९६. जाहिरातदारांनी तिच्या देहयष्टीचा असा काही बाजार मांडला, की तिचा निर्माता टोबी गार्ड पहिल्या खेळानंतर कंपनी सोडून गेला. १९९६ ते २००० या काळात दरवर्षी एक, असे पाच खेळ निघाले. थकलेल्या कारागिरांनी १९९९ च्या खेळात लाराला इजिप्तमधील ढासळत्या वास्तूखाली गाडून टाकले. तरी दुसऱ्या वर्षी खेळ निघालाच. तिच्या स्मरणार्थ जमलेले स्नेही तिच्या जुन्या मोहिमा आठवतात, अशी त्यात योजना होती. हप्ता चुकवता येत नाही, हे कर्जदाराप्रमाणे प्रकाशकालाही लागू असावे. २०१३ साली नव्या हातांनी तिला पुन्हा घडवले, तेव्हा तोकड्या कपड्यांच्या जागी लांब विजार आली आणि चेहऱ्यावर भीती, थकवा, जखमा दिसू लागल्या. ग्राहकवर्ग विस्तारला होता, त्याबरोबर नायिकाही बदलली.

आणि मग खेळच फुकट झाला. एपिक गेम्स या अमेरिकी कंपनीच्या ‘फोर्टनाइट’ची शंभर जणांची लढत २०१७ पासून कोणालाही विनामूल्य खेळता येते. विकली जातात ती रूपे: वेष, नाच, पाठीवर अडकवायच्या शोभेच्या वस्तू. यांपैकी कशानेही खेळाडूचे बळ वाढत नाही. तरीही २०१८ आणि २०१९ या दोन वर्षांत या खेळाने नऊशे कोटी डॉलरहून अधिक महसूल मिळवला, हे पुढे न्यायालयातील कागदपत्रांवरून उघड झाले.

पाठीवरच्या वस्तू का, असा प्रश्न मला पडला होता. उत्तर नातवाच्या शेजारी बसल्यावर मिळाले. या प्रकारच्या खेळात कॅमेरा पात्राच्या मागे असतो. खेळणाऱ्याला सारा वेळ आपल्याच पात्राची पाठ दिसते. ‘काउंटर-स्ट्राइक’सारख्या खेळात पात्राच्या डोळ्यांतून पाहायचे असल्याने स्वतःचे फक्त हात आणि बंदूक दिसते. म्हणून तिथे रंगीत बंदुका आणि हातमोजे विकतात. जिथे नजर, तिथे दुकान! आपल्याकडे २०२१ साली आलेल्या ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’चे अर्थकारणही फुकट खेळ आणि विकत वेष असेच आहे.

लाराला निदान एक घराणे होते, स्वभाव होता, भूतकाळ होता. फोर्टनाइटमधील पात्र म्हणजे कापडाच्या दुकानातला पुतळा. त्यावर सुपरहिरोचा पोशाख चढतो, चित्रपटातील मारेकऱ्याचा चढतो, आणि चक्क केळ्याचेही रूप चढते. चित्र एकदा काढले की कितीही वेळा विकता येते, गोदाम लागत नाही, साठा संपत नाही. मग टंचाई कृत्रिमरीत्या निर्माण करावी लागते: दुकानातील वेष ठरावीक मुदतीने बदलतात आणि आज दिसलेला पुन्हा कधी येईल याची शाश्वती नसते. एक गोष्ट मात्र न्यायाने नोंदवली पाहिजे. पूर्वी पैसे नसलेल्या मुलाला खेळताच येत नसे. आता तो श्रीमंत मुलाच्या बरोबरीने खेळतो. फक्त दिसतो गरीब.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनबरोबर डिसेंबर २०२२ मध्ये या कंपनीने बावन्न कोटी डॉलरची तडजोड केली. त्यांतील साडेचोवीस कोटी ग्राहकांना परताव्यासाठी होते, उरलेली रक्कम मुलांच्या खासगी माहितीबाबतच्या नियमभंगाचा दंड. आयोगाचा आरोप असा, की बटणांची मांडणी फसवी होती, २०१८ पर्यंत मुले पालकांच्या संमतीविना खरेदी करू शकत होती, आणि कार्डावरील आकारणीला हरकत घेणाऱ्या ग्राहकांची खातीच बंद केली जात. हे शेवटचे वाचून माझ्यातला बँकवाला उठून बसला. हरकत घेणे हा खातेदाराचा हक्क आहे!

शेवटी मी आठशे रुपये दिले. पण आधी नातवाला वही घेऊन बसवले आणि जमा-नावे मांडायला लावले. त्याच्या खेळात रुपयांनी थेट खरेदी होत नाही; आधी हजार नाण्यांची थैली घ्यावी लागते. वेष आठशे नाण्यांचा. उरली दोनशे, आणि दोनशेत घेण्याजोगे काहीच नाही. व्याज नाही, परत मागण्याची सोय नाही. असे ठेवखाते मी सबंध नोकरीत पाहिले नव्हते. त्यानेही ती दोनशेची ओळ दोनदा वाचली.

गेल्या रविवारी फोनवर विचारले, "काय रे, आता वर्गात कोणी चिडवत नाही ना?"

"नाही आजोबा," तो म्हणाला, "पण तो वेष आता सगळ्यांकडेच आहे." थोडे थांबून त्याने आपणहून सांगितले, की दोनशे नाणी अजून तशीच आहेत.