डिझेल, प्राणवायू आणि विहिरीतील एंजिन

जाफराबाद तालुक्यातील टेंभुर्णीच्या परिसरात उन्हाळ्यात विहिरींचे पाणी खोल जाते. काठावरील पंप सुमारे ७ मीटरपेक्षा अधिक खोलीवरून पाणी ओढू शकत नाही. म्हणून एंजिनच विहिरीत उतरविण्याचा मोह होतो. हा मोह जिवावर बेततो. असे का होते, हे समजून घेणे इष्ट आहे.

डिझेल म्हणजे कर्ब व उद्जन यांच्या संयुगांचे, अर्थात हायड्रोकार्बनांचे, मिश्रण होय. प्राणवायूशी त्यांचा संयोग दोन प्रकारे घडतो.

पहिला प्रकार वायुरूपातील. सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. तीत फवारलेल्या डिझेलची वाफ होऊन ती आपोआप पेट घेते. एक लिटर डिझेल पूर्णपणे जळण्यास सुमारे १२ किलो हवा लागते. विहिरीत मात्र एंजिन आपलाच धूर पुन्हा ओढते. प्राणवायू कमी पडून ज्वलन अपुरे राहते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. या विषारी वायूस रंग नाही, वासही नाही. रक्तातील प्राणवायूची जागा तो बळकावतो. कंदील जळत राहिला म्हणून विहीर निर्धोक समजू नये. या वायूची घातक मात्रा असतानाही ज्योत जळू शकते.

दुसरा प्रकार द्रवरूपातील. पिंपात साठविलेल्या डिझेलमध्ये हवेतील प्राणवायू विरघळतो व हळूहळू पेरॉक्साइडे तयार होतात. त्यांपासून ही क्रिया साखळीप्रमाणे पुढे चालते व शेवटी चिकट राळ साचते. ती गाळणी व फवारणीची तोटी तुंबविते. फवारा बिघडला की धूर वाढतो. उष्णता व तांबे-पितळेचा संपर्क यांमुळे ही क्रिया वेग घेते. वंगण घट्ट होण्यामागेही काही अंशी हेच कारण असते.

यास्तव शेतकरी बंधूंनी पुढील दक्षता घ्यावी :

१. एंजिन विहिरीत कधीही चालवू नये. खोल पाण्यासाठी विजेचा पाणबुडी पंप, किंवा काठावरील एंजिनाने दांड्याद्वारे चालणारा पंप वापरावा.

२. विहिरीत कोणी बेशुद्ध पडल्यास तयारीशिवाय मागोमाग उतरू नये. प्रथम एंजिन बंद करून मदत बोलवावी.

३. डिझेल सावलीत, घट्ट झाकणाच्या व शक्यतो भरलेल्या पिंपात ठेवावे. सहा महिन्यांपेक्षा अधिक काळाचा साठा करू नये.

४. गाळणी व वंगण वेळच्या वेळी बदलावे.

पिकास पाणी हवेच. परंतु ते देणारा हात सुखरूप राहणे त्याहून अगत्याचे आहे.