वरोऱ्याचा कोळसा, गडचिरोलीचे लोह आणि चिनी दालन

भारत-चीन थेट विमानसेवा 2025 च्या ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाली आणि कोलकात्याहून ग्वांगझूला विमान गेले. तेव्हापासून व्यापार, व्हिसा आणि सीमा यांवर रकानेच्या रकाने लिहून येत आहेत. चिनी कलेबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. खरे तर चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला ती पाहायला विमानही लागत नाही. बल्लारशाहला रात्रीच्या गाडीत बसले की पुरते. दक्षिणेला हैदराबादचे सालारजंग संग्रहालय आहे, पश्चिमेला मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. दोन्हीकडे चिनी कलेची दालने आहेत आणि दोन्हींशी आपल्या मुलखाचे नाते आहे.

आधी मुंबई. तिथल्या चिनी-जपानी दालनाचा गाभा म्हणजे टाटा बंधूंचे संग्रह. सर रतन टाटांचा संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर 1921 मध्ये आला, सर दोराबजींचा 1933 मध्ये. हिरवट-पांढऱ्या जेडची पात्रे, चिनी मातीची भांडी, तपकिरीच्या चिमुकल्या कुप्या. ही खरेदी ज्या संपत्तीतून झाली तिचा माग काढत गेले की आपण नागपूरला येऊन पोचतो. या बंधूंचे वडील जमशेटजी टाटा यांनी नागपूरला एम्प्रेस मिल काढली, ती 1877 च्या पहिल्या दिवशी सुरू झाली. मुंबई सोडून ते नागपूरला का आले? भोवती कापूस होता आणि जवळच वरोऱ्याचा कोळसा. त्याआधी, 1859 मध्ये, विशीतले जमशेटजी व्यापारासाठी हाँगकाँगला जाऊन आले होते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत भारतीय गिरण्यांच्या सुताचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक चीनच होते.

म्हणून मी म्हणतो, मुंबईच्या त्या काचेच्या कपाटात वरोऱ्याच्या खाणीतला थोडा घाम आहे. आपल्या शाळांच्या सहली त्या संग्रहालयात जातात तेव्हा हे कुणीतरी मुलांना सांगायला हवे. आणि मुंबईच्या चीन-व्यापारात कापसाबरोबर अफूही होती, तेही सांगायला हवे. त्या अफूने चीनमध्ये लाखो घरे उद्ध्वस्त केली. दालनातले सौंदर्य पाहताना हे विसरणे मला तरी जमत नाही.

तिथे जेडसमोर थोडे थांबा. हा दगड लोखंडी छिन्नीने कोरता येत नाही. कारागीर त्यावर ओली, कठीण वाळू फिरवत राहतो आणि दगड कणाकणाने झिजवत आकार काढतो. एका पात्रामागे महिनेच्या महिने जात. तपकिरीच्या काही कुप्यांवरचे चित्र तर बाहेरून नव्हे, आतून काढलेले असते. बोट जाणार नाही एवढ्या तोंडातून वाकडी, बारीक कुंचली आत घालायची आणि सगळे उलटे रंगवायचे. मुले इथे सर्वांत जास्त वेळ रेंगाळतात, त्यांना रेंगाळू द्या.

आता हैदराबाद. राजुऱ्याच्या लोकांना तर ते परके वाटूच नये. 1956 च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत राजुरा तालुका हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. मीर युसूफ अली खान, म्हणजे तिसरे सालारजंग, जगभरातून वस्तू जमवत होते तेव्हा राजुऱ्याची राजधानी हैदराबादच होती. ते 1949 मध्ये वारले, आणि 1951 मध्ये त्यांच्या दिवाण देवडीतच संग्रहालय उघडले. मुसीकाठच्या आजच्या इमारतीत ते 1968 मध्ये आले. गर्दी असते ती संगीत घड्याळासमोर आणि बुरखा पांघरलेल्या रिबेकाच्या पुतळ्यासमोर. चिनी दालनात त्या मानाने शांतता असते.

तिथे सेलाडॉनची भांडी शोधा. जाड घडणीची, शेवाळी हिरव्या झिलईची ही भांडी. चीनच्या झेजियांग प्रांतातल्या लाँगक्वान भट्ट्यांमधून ती शतकानुशतके अरबी समुद्रापलीकडे जात राहिली. दिल्ली, दख्खन, इस्तंबूल, सगळ्या दरबारांत त्यांना मोठा मान होता. त्याचे एक कारण भीती हे होते. या थाळीत विषारी अन्न वाढले तर थाळी तडकते किंवा रंग बदलते, असा समज होता. समज साफ खोटा आहे. झिलई ही काचच असते आणि जेवणातल्या विषाने ती तडकत नाही. तरीही राजे अशी थाळी घेऊनच जेवायला बसत. ज्यांच्या हाती सारी सत्ता, त्यांना समोरच्या घासावर भरवसा नव्हता, हे ती थाळी आजही सांगते.

मला तिचा रंगच जास्त महत्त्वाचा वाटतो. तो हिरवा येतो लोहामुळे. झिलईत अगदी थोडे, एक-दोन टक्के, लोह असते. भट्टीत हवा मोकळी खेळली तर तेच लोह पिवळट-तपकिरी रंग देते. हवा कोंडून धुराची आग ठेवली की झिलई हिरवी उतरते. बाराशे अंशांच्या वरच्या तापमानात, कोणतेही मापक यंत्र नसताना, ज्वाळेचा रंग पाहून ही आग सांभाळली जाई. गडचिरोलीत सध्या लोहखनिजाचा विषय निघाला की सूरजागड, ट्रकांच्या रांगा, रस्ते आणि पोलाद यांवर वाद होतो. तो वाद व्हायलाच हवा. पण लोहापासून असा रंगही निघतो, हे आपल्या मुलांनी एकदा डोळ्यांनी पाहिलेले असावे.

चीनशी या भागाचे नाव फार जुन्या काळापासून जोडले जाते. सातव्या शतकात चिनी बौद्ध यात्रेकरू ह्युएन त्संग (श्वान झांग) कोसल देशात आला होता. त्या देशाची राजधानी कोणती, यावर एकोणिसाव्या शतकात बरीच चर्चा झाली. कनिंगहॅमने चांद्याचे नाव पुढे केले, फर्ग्युसनने वैरागड आणि भांदक (म्हणजे भद्रावती) यांचा विचार केला. आज अभ्यासकांचा कल छत्तीसगडमधल्या सिरपूरकडे आहे आणि मला तो योग्य वाटतो. चिनी यात्रेकरू भद्रावतीला आला होता असे छातीठोक सांगू नये. पण विजासन टेकडीतली बौद्ध लेणी आपल्यापाशी आहेत, आणि ज्या धर्माच्या ग्रंथांसाठी तो माणूस वाळवंटे तुडवत आला त्याच धर्माची ती आहेत. हे नाते खरे आहे, त्याला कुबडीची गरज नाही.

त्याच भद्रावतीत कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी उभ्या केलेल्या ग्रामोदय संघाने कुंभारकामाला नव्या भट्ट्या आणि नवी झिलई दिली. चाकावर हात बसलेला भद्रावतीचा कारागीर सेलाडॉनसमोर उभा राहिला, तर आम्हा लेखकांपेक्षा त्याला कितीतरी जास्त दिसेल. थाळीचा तळ पाहून ती भट्टीत कशी ठेवली होती हे तो ओळखेल, झिलई कुठे ओघळली हेही. अशा कारागिरांना सरकारी खर्चाने हैदराबादला नेले पाहिजे. अभ्यास दौऱ्यांवर एरवी जो पैसा जातो, त्यापेक्षा हा नक्कीच सत्कारणी लागेल.

आणि ज्यांना इतके लांब जाणे परवडणार नाही, त्या भामरागड, एटापल्ली, जिवतीच्या मुलांचे काय? मुंबईच्या संग्रहालयाने 2015 पासून बसमधले फिरते संग्रहालय चालवले आहे. शाळेच्या दारात बस उभी राहते आणि मुले आत जाऊन वस्तू पाहतात. दोन्ही जिल्हा परिषदांच्या शिक्षण विभागांनी या बसची लेखी मागणी करावी आणि सोबत चिनी दालनातले काही द्या, असे स्पष्ट लिहावे. मुख्याध्यापकांनीही वाट न पाहता आपापली पत्रे पाठवावीत. आणि जे या सुट्टीत हैदराबादला निघाले आहेत त्यांनी लक्षात ठेवावे, सालारजंग शुक्रवारी बंद असते.