विद्युत-गिटारचा पिकअप : आधी जुळवणी, मग बदल

तंबोऱ्याचा स्वर नीट बोलेनासा झाला म्हणजे मिरजेचा जाणता कारागीर एकदम घोडी बदलीत नाही. तो प्रथम तारेखालचे सूत किंचित पुढेमागे सरकवून पाहतो. तेवढ्याने भागले नाही, तर घोडीच्या पृष्ठावर तारेने पाडलेल्या खाचा कानशीने घासून जवारी पुन्हा काढतो. हेही निष्फळ ठरले तरच तो नव्या घोडीचा विचार करतो. या क्रमामागे केवळ काटकसर नाही. नादाचा गुण वाद्याच्या कोणत्या जागी घडतो, याचे पक्के ज्ञान त्यामागे आहे.

विद्युत-गिटार वाजविणाऱ्या विद्यार्थ्यांत मात्र याच्या उलट क्रम आढळतो. आवाज कर्कश किंवा मंद वाटला की दोष पिकअपच्या माथी मारला जातो, आणि मूळ वाद्याच्या किमतीइतका महाग परदेशी पिकअप विकत घेतला जातो. पुष्कळदा तो बसविल्यावरही मूळ तक्रार कायम राहते. असे का होते, आणि जुळवणीचा शास्त्रशुद्ध क्रम कोणता, हे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. कोल्हापूरपासून सुमारे ५० किलोमीटरवर असलेल्या मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील कारागिरीशी हा विषय वरवर वाटतो त्यापेक्षा अधिक निकटचा आहे.

पिकअपचे कार्य

चुंबकीय पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेले बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे होय. त्याची तार सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीची असून वेढ्यांची संख्या कित्येक हजार असते. पोलादी तार चुंबकाजवळ कंप पावू लागली की वेटोळ्यातून जाणाऱ्या चुंबकीय रेषांत बदल होतो आणि फॅराडेने १८३१ साली दाखविलेल्या प्रवर्तनाच्या नियमानुसार वेटोळ्यात विद्युत्‌दाब निर्माण होतो. मांडीवर आडवी ठेवून वाजविण्याची हवाईयन गिटार असा पिकअप लावून अमेरिकेत १९३२ साली विक्रीस आली. तेव्हापासून या साधनाच्या मूलतत्त्वात फरक पडलेला नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पिकअप हवेतील ध्वनी ऐकत नाही. तारेच्या एका विशिष्ट बिंदूची हालचाल तेवढी तो टिपतो. नादगुणाचा विचार या बिंदूपासूनच सुरू व्हावयास हवा.

जागेचा परिणाम

समजा, तारेची लांबी ६४८ मिलिमीटर असून एक पिकअप घोडीपासून १६२ मिलिमीटरवर, म्हणजे लांबीच्या बरोबर चतुर्थांशावर, आणि दुसरा ४० मिलिमीटरवर आहे. मोकळ्या तारेच्या चौथ्या संनादीचा निस्पंद बिंदू चतुर्थांशावरच पडतो. साहजिकच पहिल्या पिकअपला तो संनादी जवळजवळ ऐकूच येत नाही. मूलस्वराच्या बाबतीत गणित केल्यास या दोन जागी मिळणाऱ्या प्रतिसादाचे प्रमाण ०.७०७ व ०.१९३ असे येते. म्हणजे एकाच घडणीचे दोन पिकअप घेतले, तरी मानेकडील पिकअपमध्ये मूलस्वर साडेतीन पटींहून अधिक प्रबळ असतो. घोडीजवळच्या पिकअपमध्ये मूलस्वर दुर्बल आणि वरचे संनादी तुलनेने ठळक असल्यामुळे त्याचा नाद धारदार वाटतो.

कोणत्याही प्रयोगशाळेत करून पाहण्याजोगा एक प्रयोग यातून सुचतो. तार १२व्या पडद्यावर दाबली की तिची कंप पावणारी लांबी ३२४ मिलिमीटर उरते आणि १६२ मिलिमीटरवरचा पिकअप तिच्या नेमक्या मध्यावर येतो. अशा वेळी सर्व सम संनादी क्षीण व्हावयास हवेत. दोलनदर्शकाच्या पडद्यावर मोकळ्या तारेचा आणि या स्वराचा आलेख शेजारी शेजारी ठेवल्यास फरक उघड दिसेल. चुंबकाला काही रुंदी असल्यामुळे संनादी अगदी शून्यावर येत नाहीत, इतकेच.

अंतराचा परिणाम

पिकअपची जागा सहसा बदलता येत नाही. पण तारेपासूनचे त्याचे अंतर दोन स्क्रूंनी बदलता येते. पिकअप जवळ आणल्यास आवाज मोठा होतो. परंतु अंतर फार कमी झाले तर चुंबक तारेला ओढू लागतो. तारेची उभी व आडवी कंपने मग एकाच कंप्रतेची राहत नाहीत. त्यांच्यात विस्पंद उत्पन्न होऊन स्वर डळमळतो आणि त्याचा टिकावही घटतो. वाद्य सुरात लागत नाही अशी तक्रार कित्येकदा याच कारणाने उद्भवते, आणि खुंट्या कितीही पिळल्या तरी ती दूर होत नाही.

म्हणून प्रथम तार शेवटच्या पडद्यावर दाबून चुंबक व तार यांतील अंतर मोजावे. २ ते २.५ मिलिमीटरपासून आरंभ करावा; जाड तारांकडील बाजू किंचित खाली ठेवावी. नंतर पाव फेऱ्याने स्क्रू फिरवीत, प्रत्येक वेळी थांबून ऐकावे. घोडीकडील पिकअपचा आवाज मुळातच क्षीण असल्यामुळे तो मानेकडील पिकअपपेक्षा तारेच्या थोडा अधिक जवळ असावा.

मंडलाचा परिणाम

वेटोळ्याला प्रवर्तकत्व असते, आणि त्याला जोडलेल्या केबलला धारणा असते. या दोहोंमुळे एका विशिष्ट कंप्रतेला अनुस्पंदन होते. तिच्या आसपासचे संनादी उठावदार होतात व त्यावरचे झपाट्याने लोपतात. प्रवर्तकत्व २.५ हेन्री, वेटोळ्याची धारणा १०० पिकोफॅरड आणि केबलची धारणा दर मीटरला १०० पिकोफॅरड मानू. केबल ५ मीटर लांब असल्यास अनुस्पंदन सुमारे ४,१०० हर्ट्‌झला येते. २ मीटर असल्यास ते सुमारे ५,८०० हर्ट्‌झवर जाते. पिकअपला हातही न लावता झालेला हा बदल कानाला सहज जाणवतो. याचप्रमाणे आवाज कमीजास्त करणाऱ्या नियंत्रकाचा रोध २५० किलोओहमऐवजी ५०० किलोओहम केल्यास अनुस्पंदनाचे शिखर अधिक उंच होते. नाद बोथट वाटत असेल, तर या दोन स्वस्त उपायांची परीक्षा आधी करावी.

बदल केव्हा करावा

वेटोळे तुटले असेल, चुंबक निकामी झाला असेल, किंवा ५० हर्ट्‌झच्या वीजपुरवठ्यामुळे येणारी घरघर असह्य असेल, तर बदल समर्थनीय ठरतो. घरघरीवर दुहेरी वेटोळ्याचा पिकअप हा खरा उपाय आहे. त्यातील दोन वेटोळी विद्युत्‌दृष्ट्या परस्परविरुद्ध जोडलेली असतात व त्यांचे चुंबकही परस्परविरुद्ध असतात. त्यामुळे बाहेरची घरघर वजा होते, तर तारेचा संदेश दुणावतो. त्याची किंमत मात्र नादगुणात मोजावी लागते : प्रवर्तकत्व ४.५ हेन्री धरल्यास त्याच ५ मीटर केबलसह अनुस्पंदन सुमारे ३,१०० हर्ट्‌झवर उतरते आणि नाद अधिक गोल होतो. विक्रेते पिकअपचा रोध हेच त्याच्या गुणाचे माप म्हणून सांगतात. ते पुरेसे नाही. रोधावरून तारेची लांबी व जाडी यांचा अंदाज तेवढा येतो. प्रवर्तकत्व व चुंबकाचे बळ त्यावरून कळत नाही.

जवारी आणि पिकअप

आता पुन्हा मिरजेकडे वळू. तार ज्या बिंदूवर छेडली जाते, तेथे निस्पंद असलेले संनादी उमटत नाहीत, असा यंग व हेल्महोल्ट्‌झ यांचा सिद्धांत आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली दाखवून दिले की, तंबोरा व वीणा यांत हा नियम पाळला जात नाही. घोडीच्या वक्र पृष्ठामुळे गाळले गेलेले संनादीही तारेत पुन्हा उत्पन्न होतात. जवारीचे वैभव ते हेच. गिटारच्या घोडीची कड अणकुचीदार असल्यामुळे तीत हे घडत नाही.

सतारीवर चुंबकीय पिकअप लावणाऱ्यांनी येथे सावध राहावे. जवारीने संनादी तारेत पुन्हा जागा केला, तरी पिकअप त्याच्या निस्पंद बिंदूखाली असेल तर तो संदेशात येणार नाही. तंबोऱ्याच्या खर्जाची पितळी तार तर चुंबकीय पिकअपला जवळजवळ निःशब्दच असते. अशा वाद्यांना घोडीची वा तबलीची कंपने घेणारा दाबविद्युत पिकअप, किंवा सरळ मायक्रोफोन, हाच योग्य होय.

सारांश, नादाच्या शोधात प्रथम अंतर, मग मंडल आणि शेवटी पिकअप असा क्रम असावा. प्रत्येक पायरीवर एकाच गोष्टीत बदल करून ऐकावे, आणि तो टिपून ठेवावा. कारागिराच्या बोटांना जे अनुभवाने कळते, ते विद्यार्थ्याला मोजमापाने कळू शकते. मात्र त्यासाठी पैशाच्या पिशवीपूर्वी स्क्रू-पाना हाती घेण्याची तयारी हवी.