बार्शी लाईटचं इंजिन, खऱ्या वाफेवर

कुर्डुवाडी स्थानकाचं जुनं नाव बार्शी रोड. मुख्य रेल्वेमार्ग बार्शी गावापासून 21 मैल दूर राहिला होता. ती उणीव एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने 1897 मध्ये ‘बार्शी लाईट’ या अडीच फुटी नॅरोगेजने भरून काढली. कॅल्थ्रॉप 1882 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जी.आय.पी.) रेल्वेच्या नोकरीत इकडे आला होता. माणूस भलताच हरहुन्नरी. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याने विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी ‘गार्डियन एंजल’ नावाचं पॅराशूट बनवलं आणि उतारवयात घोड्यांवर पुस्तक लिहिलं. त्याचा बार्शीतला हिशेब साधा होता. इंजिन असो वा वाघीण, एका आसावर 5 टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही. मग यार्डाला 30 पौंडांचे हलके रूळही पुरतात. लीड्सच्या किट्सन कारखान्याने त्याला आठ जोडचाकं आणि मागे चार लहान चाकं असलेली टँक इंजिनं बांधून दिली. हिंदुस्थानात धाडण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे तात्पुरते रूळ टाकून ही गाडी जाणकारांना चालवून दाखवली होती.

बार्शी लाईट 1906 मध्ये पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोचली. 1954 मध्ये ती सरकारने घेतली. या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला. सोलापूर जिल्ह्यातल्या दोन-तीन पिढ्यांनी आषाढीची वारी ज्या गाडीने केली, ती आता फोटोत आणि म्हाताऱ्यांच्या बोलण्यात उरली आहे. तिची छोटी प्रतिकृती करायची, तर ती मोटारीवर चालावी की वाफेवर, हा या लेखाचा विषय. माझं मत आधीच सांगून टाकतो : वाफेवर.

मोटारीच्या मॉडेलला मी कमी लेखत नाही. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय 1 एप्रिल 1998 पासून लोकांसाठी खुलं आहे. सिग्नल, स्थानकं, घाट आणि गाड्यांचं वेळापत्रक इतक्या सुबकपणे एका दालनात बसवणं विजेशिवाय शक्य नव्हतं. पण विजेच्या मॉडेलमध्ये एक उलटा प्रकार असतो. खऱ्या इंजिनात पिस्टन दांडा ढकलतो आणि दांडा चाक फिरवतो. मॉडेलमध्ये मोटार चाक फिरवते आणि दांडे शोभेपुरते चाकामागे फरपटतात.

म्हणून बाजारातलं विजेचं मॉडेल वाफेवर आणायचं म्हणजे मोटार काढून बॉयलर ठेवला, इतकं ते सोपं नाही. प्लास्टिकचा सांगाडा शंभरेक अंशांना मऊ पडतो, आणि 3 किलो दाबाची वाफ 143 अंशांच्या घरात असते. चाकांमधले प्लास्टिकचे बुश त्या आचेला टिकत नाहीत. शोभेचे दांडे आता खरा जोर घेणार, म्हणून त्यांची भोकं लेथ आणि रीमरवर नीट करावी लागतात. दोन्ही बाजूंचे क्रँक एकमेकांशी काटकोनात बसवावे लागतात, नाहीतर पिस्टन टोकाला अडकला की गाडी जागची हलत नाही. शेवटी मूळ खेळण्यातली चाकं उरली तरी खूप. रूपांतर म्हणायचं, पण हे नवं बांधकामच असतं.

बॉयलरचं तत्त्व मात्र मराठी घरांना ठाऊक आहे. मधल्या नळीत जाळ आणि भोवती पाणी, असा आपला तांब्याचा बंब आडवा केला की गॅसवर चालणाऱ्या छोट्या इंजिनाचा बॉयलर झाला. फरक दाबाचा. बंबाचं तोंड उघडं असतं, बॉयलरचं बंद. म्हणून इथे कथील-शिशाचा डाग चालत नाही. तो 183 अंशांना वितळतो, आणि पाणी संपलेल्या बॉयलरखाली स्पिरिटचा दिवा जळत राहिला तर ती मर्यादा बघता बघता ओलांडली जाते. सांधे चांदीच्या डागाचेच हवेत. तो वितळायला सहाशेहून जास्त अंश लागतात. 25 लिटरहून लहान बॉयलर आपल्या बॉयलर कायद्याच्या व्याख्येत येत नाही, त्यामुळे तपासायला कोणी निरीक्षक येणार नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह बसवायचा, आणि बॉयलर पाण्याने काठोकाठ भरून, आत हवा न ठेवता, चालू दाबाच्या दुप्पट दाब पंपाने द्यायचा. पाणी दाबाने जवळजवळ आकसत नाही, म्हणून सांधा सुटला तरी नुसती धार उडते, स्फोट होत नाही. ही चाचणी टाळणाऱ्याने हा छंद करू नये.

सिलिंडरला तेल पुरवण्याची युक्ती मला सगळ्यात आवडते. एका डबीत घट्ट तेल भरतात आणि तिला बारीक छिद्राने वाफेच्या नळीशी जोडतात. आत शिरलेली वाफ थंड होऊन पाणी बनते, पाणी तळाला बसतं आणि तेवढंच तेल वर सरकून वाफेबरोबर पिस्टनकडे जातं. एकही हलता भाग नाही.

आता बार्शीच्या इंजिनाचं गणित. 762 मिलिमीटरचा गेज मॉडेलच्या 45 मिलिमीटरच्या रुळांवर उतरवला की प्रमाण साधारण सतरास एक येतं. सहा आसांचं, फार तर 30 टनांचं इंजिन सतराच्या घनाने भागलं की 6 किलो उरतं. टेबलावर उचलून ठेवता येईल आणि डबेही ओढेल. पण पाणी 4,913 पटींनी कमी होतं, तर बॉयलरचा पृष्ठभाग फक्त 289 पटींनी. म्हणजे दर थेंबामागे उष्णता घालवणारी कातडी सतरापट. इंजिन जितकं लहान, तितकं वाफ धरून ठेवणं अवघड. हॉर्नबी कंपनीने 2003 मध्ये बोटभर रुंदीच्या रुळांवरचं ‘मॅलार्ड’ इंजिन खऱ्या वाफेवर आणलं, तेव्हा आग ठेवायला जागाच नव्हती. पाणी रुळांतल्या विजेने तापवावं लागलं. त्यामानाने नॅरोगेजचं इंजिन 45 मिलिमीटरच्या रुळांवर मोठ्या प्रमाणात बनवता येतं, म्हणून बॉयलरही भरदार बसतो. बार्शीचं इंजिन वाफेसाठी योग्य आहे ते याचमुळे, नुसत्या जिव्हाळ्यापोटी नाही.

छोट्या इंजिनाला खरा जोर नसतो, ही समजूत इंग्लंडमध्ये 1920 च्या दशकात मोडली. ‘एलबीएससी’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या कारागिराने अडीच इंची रुळांवरच्या कोळशाच्या ‘आयेशा’ इंजिनाने मोठी माणसं ओढून दाखवली.

सोलापूरच्या उन्हाचा इथे फायदाच आहे. 143 अंशांचा बॉयलर 42 अंशांच्या हवेत, इंग्लंडच्या 5 अंशांतल्यापेक्षा सुमारे पावपट कमी उष्णता गमावतो. मात्र त्या कोरड्या हवेत धुराड्याची पांढरी वाफ दिसतच नाही. ती पाहायची तर डिसेंबरातली पहाट गाठावी. बोअरचं जड पाणी वापरू नये, आतून क्षाराचा थर चढतो. लेथवर हात बसलेले कारागीर यंत्रमागांच्या या शहरात आजही आहेत, तेव्हा कामाची अडचण नाही. अडचण मापांची आहे. कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात काम केलेल्यांच्या घरात बार्शी लाईटच्या इंजिनाचा एखादा आराखडा, दुरुस्तीची वही किंवा बाजूने काढलेला स्वच्छ फोटो असेल, तर तो रद्दीत घालू नका. निदान त्याची एक प्रत काढून गावच्या वाचनालयात ठेवा.